मात्रेचा हिशेब : डॉ. वसंत रामजी खानोलकर

अबुधाबी शहराच्या पश्चिमेस, अल धफ्रा प्रदेशाच्या किनाऱ्यावर बराका अणुवीज केंद्राच्या चार अणुभट्ट्या उभ्या आहेत. पहिलीतून एप्रिल २०२१ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली आणि चौथीतून सप्टेंबर २०२४ मध्ये. अमिरातीची सुमारे एक चतुर्थांश वीज आता येथून येते. अशा केंद्रात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्याच्या शरीराने किती किरणोत्सर्ग झेलला, हे तो बिल्ला सांगतो. तेलक्षेत्रांत रात्री नळांचे जोड तपासणारे रेडिओग्राफर, विहिरींत किरणोत्सारी स्रोत उतरवणारे तंत्रज्ञ, रुग्णालयांतील क्ष-किरण विभागांतले कर्मचारी यांच्याही अंगावर तसाच बिल्ला असतो. आखातात पोट भरणाऱ्या कितीतरी मराठी घरांना तो परिचित आहे. बिल्ल्यावरचा आकडा ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही, हे लगेच कळते. वीस-तीस वर्षांनी त्या माणसाचे काय झाले, हे मात्र बिल्ला सांगू शकत नाही. त्यासाठी माणसांची मोजदाद ठेवावी लागते. ती दशकानुदशके चालवावी लागते आणि कोणाला तरी तिचा खर्च सोसावा लागतो.

डिसेंबर २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीला संयुक्त राष्ट्रांच्या एका जुन्या समितीचे सदस्यत्व मिळाले. अणुकिरणांच्या परिणामांचा शास्त्रीय अभ्यास करणारी ही समिती डिसेंबर १९५५ मध्ये महासभेच्या ठरावाने स्थापन झाली. तेव्हा तिच्यात फक्त १५ देश होते आणि भारत त्यांपैकी एक होता. भारताच्या बाजूने त्या मेजावर बसण्यासाठी जो माणूस निवडला गेला, तो भौतिकशास्त्रज्ञ नव्हता. तो परळच्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या गाठी पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ होता : डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकर हे आडनाव ऐकताच मराठी वाचकाला आरती प्रभू आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावाची आठवण सांगणारे हे दुसरे खानोलकर कवितेच्या वाटेला गेले नाहीत. त्यांचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, बाहेर फारसे नसते. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख वैद्यकविश्वात होतो. त्यांच्या आयुष्याचा शेवटचा तृतीयांश भाग अणुयुगाशी जोडला गेला होता, हे त्या विश्वातही फार थोड्यांच्या ध्यानात असते.

१३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळवली. त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, न्यू जर्सीतील कारखान्यांत, घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग भरणाऱ्या तरुण मुलींचे जबडे झिजू लागले होते. कुंचल्याला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरत, आणि रंग पोटात जाई. त्या मृत्यूंचे खरे कारण सिद्ध करण्यात मोठा वाटा होता तो हॅरिसन मार्टलंड या विकृतिशास्त्रज्ञाचा. कारखानदाराला सत्य बाहेर यायला नको होते, आणि सरकारने आपणहून चौकशी चालवण्याची रीत तेव्हा पडलेली नव्हती. किरणोत्सर्गाने कामगाराचे काय होते, हे जगाला पहिल्यांदा कळले ते शवविच्छेदनाच्या टेबलावर.

मुंबईत परतल्यावर खानोलकरांनी प्रथम ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. १९२६ मध्ये सुरू झालेले हे दुसरे महाविद्यालय देणगीदारांच्या एका अटीवर उभे होते : तेथील अध्यापक भारतीय असावेत. त्या काळी सरकारी वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा गोऱ्यांकडे असत. त्यामुळे ही अट म्हणजे केवळ अभिमानाचा प्रश्न नव्हता. संशोधन आपल्या लोकांचे, आपल्या रोगांचे आणि आपल्या हातांनी व्हावे, असा तिचा अर्थ होता. खानोलकरांच्या पुढच्या सगळ्या कामात तो अर्थ मुरलेला दिसतो.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा खानोलकरांकडे आली. पैसा दोराबजी टाटा न्यासाचा होता. रुग्ण देशभरातून येत. कर्करोग हा श्रीमंत, पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, भारतात तो विरळा, अशी समजूत तेव्हा डॉक्टरांतही होती. खानोलकरांनी तिचा प्रतिवाद भाषणांनी केला नाही, त्यांनी मोजायला सुरुवात केली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी आलेल्या एका निबंधात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने लोकांच्या सवयींशी जोडलेले तीन प्रकारचे कर्करोग मांडले. आंध्रच्या किनाऱ्यावर जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा कर्करोग हा त्यातला पहिला. तंबाखू आणि चुन्याची खैनी खालच्या ओठात दाबून ठेवणाऱ्यांचा दुसरा. आणि कंबरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणातून त्वचेवर उद्भवणारा तिसरा.

रोग्याची जात, धर्म, गाव, आहार, व्यसन, नेसण आणि व्यवसाय, सगळे टिपून ठेवायचे आणि मग गटागटांत रोगाचे प्रमाण किती ते ताडून पाहायचे, अशी ही पद्धत आज साधी वाटते. त्या काळच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला ती तशी वाटत नसे. सूक्ष्मदर्शकाखालची पेशी आपले पूर्वचरित्र सांगत नाही. टाळूवरची गाठ चुट्ट्याने झाली की आणखी कशाने, हे कापलेल्या तुकड्यावरून कळत नाही. ते कळते चुट्टा ओढणारे आणि न ओढणारे यांची संख्या शेजारी मांडली म्हणजे. किरणोत्सर्गाच्या बाबतीत तर हे दुपटीने खरे आहे. अणुभट्टीत काम केल्याने झालेला रक्ताचा कर्करोग आणि अन्य कारणाने झालेला रक्ताचा कर्करोग हे दिसायला सारखेच. दोन्हींतला भेद एका रुग्णात सापडत नाही, हजारोंच्या गणतीतच सापडतो. धोतराच्या आणि चुट्ट्याच्या अभ्यासातून खानोलकर नकळत याच प्रश्नाची तयारी करत होते, असे मागे वळून पाहता म्हणावेसे वाटते.

स्वातंत्र्यानंतर या कामाला सरकारी आधार मिळाला. १९५२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पैशातून परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. अन्नधान्य परदेशातून आणावे लागणाऱ्या, हिवताप आणि क्षय यांनी गांजलेल्या देशात कर्करोगाच्या मूलभूत संशोधनावर सरकारने खर्च करावा, हे पटवणे सोपे नसणार. खानोलकरांनी माणसे मात्र नेमकी निवडली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या कमल रणदिवे अमेरिकेतील प्रशिक्षण संपवून परतल्या आणि त्यांनी येथे पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. एल. डी. संघवी यांनी मानवी आनुवंशशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची सांगड घातली. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा घसा-अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवणारा या गटाचा निबंध १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंतून कसा पसरतो, यावरही खानोलकरांचे स्वतःचे महत्त्वाचे काम आहे. पण तो वेगळा विषय.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीने सगळे चित्र पालटले. स्फोटाची राख शेकडो मैलांवर पसरली आणि जपानच्या एका मासेमारी नौकेवरील २३ खलाशी तिच्यात सापडले. त्यांपैकी एक, नौकेचा रेडिओचालक, त्याच सप्टेंबरात मरण पावला. हे युद्धातले बळी नव्हते. ते रोजच्या कामावर निघालेले कष्टकरी होते. पंडित नेहरूंनी २ एप्रिल रोजी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. अशा स्फोटांचे परिणाम काय होतात, याचा शास्त्रीय आढावा भारताने स्वतः घ्यावा, असेही त्यांच्या सरकारने ठरवले. दौलतसिंग कोठारी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ते पुस्तक १९५६ मध्ये सरकारच्या प्रकाशन विभागाने काढले. होमी भाभांप्रमाणे खानोलकरांचेही साहाय्य त्याला लाभले होते. ज्या देशाकडे बॉम्ब नव्हता, त्याने बॉम्बच्या शरीरावरील परिणामांचे पुस्तक जगापुढे ठेवले, ही गोष्ट त्या काळच्या भारताविषयी बरेच काही सांगते.

संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे पहिले अधिवेशन मार्च १९५६ मध्ये न्यूयॉर्कला भरले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही तिच्यात होते. ब्रिटन, फ्रान्स, जपान, इजिप्तही होते. चाचण्या करणाऱ्या देशांचा कल किरणोत्सर्ग फारसा घातक नाही असे म्हणण्याकडे, तर इतरांचा भीतीकडे. या दोहोंच्या मध्ये उभे राहून केवळ उपलब्ध पुराव्यावर बोलणे, हे त्या समितीचे काम. १९५८ च्या पहिल्या अहवालाने अल्प मात्रेतील किरणोत्सर्गही आनुवंशिक हानी करू शकतो, हे मान्य केले. पुढे १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी कराराला जे वातावरण पोषक ठरले, त्यात या अहवालाचा वाटा होता. टाटा स्मारकाच्या प्रयोगशाळेत पेशीविज्ञानाचे काम केलेले आणि नंतर तुर्भ्याच्या अणुशक्ती संस्थेत जीवशास्त्र विभाग सांभाळणारे ए. आर. गोपाल-अय्यंगार हेही समितीच्या कामात होते, आणि पुढे तिचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

भारताकडे या समितीला देण्याजोगी एक दुर्मीळ गोष्ट होती. केरळच्या चवरा-नीण्डकरा किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे आणि मोनाझाइटमध्ये थोरियम. पिढ्यान्‌पिढ्या तेथील लोक जगातील सरासरीच्या अनेक पट नैसर्गिक किरणोत्सर्गात राहत आले आहेत. त्याच वाळूतून खनिज वेगळे करणारे कामगार होते, आणि १९५२ च्या डिसेंबरात आलुव्याला मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना सुरू झाला होता. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने अशा प्रदेशांतील लोकसंख्येचा अभ्यास करावा, असे सुचवले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने खर्च उचलून तेथील उंदरांची तपासणी करवली आणि १९६६ मध्ये तिचा अहवाल निघाला. उंदीर मोजणे सोपे. माणसे मोजायला मात्र कर्करोगाची कायमस्वरूपी नोंदणी लागते. करुनागप्पळ्ळी तालुक्यात ती १९९० मध्ये, अणुऊर्जा विभागाच्या अर्थसाहाय्यावर सुरू झाली. जवळजवळ ७०,००० रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेऊन २००९ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. शिफारशीपासून उत्तरापर्यंत ५० वर्षे लोटली होती.

तोपर्यंत परळच्या संस्थेचे पालकत्वही बदलले होते. टाटा न्यासाचे रुग्णालय १९५७ मध्ये आरोग्य मंत्रालयाकडे आले होते. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि १९६६ मध्ये खानोलकरांचे संशोधन केंद्रही रुग्णालयात विलीन होऊन टाटा स्मारक केंद्र बनले. यामागचा होमी भाभांचा विचार सरळ होता. कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गाला मोठे स्थान आहे, कोबाल्ट आणि किरणोत्सारी समस्थानिके तुर्भ्याला तयार होतात, मग दोन्ही एका छत्राखाली का नसावीत? आणि आर्थिक बाजूने पाहिले तर हा निर्णय संस्थेच्या हिताचाच ठरला. अणुऊर्जा विभागाकडे पैसा होता. आरोग्य मंत्रालयाकडे तो नेहमीच कमी पडे. आज गरीब रुग्णाला परळला जे उपचार मिळतात, त्यांच्या मुळाशी हा निर्णय आहे.

पण त्यात एक पेच होता आणि तो अजून सुटलेला नाही. अणुभट्ट्या चालवणारा विभाग, त्यांत काम करणाऱ्यांच्या मात्रेची नोंद ठेवणारा विभाग आणि त्या कामगारांना कर्करोग होतो का याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला पैसे देणारा विभाग, हे तिन्ही एकच. अणुऊर्जा नियामक मंडळ तर नोव्हेंबर १९८३ मध्ये, म्हणजे तारापूर केंद्र सुरू होऊन १४ वर्षे झाल्यावर आले. टाटा स्मारक केंद्राने पुढे अणुवीज केंद्रांच्या कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या आरोग्याच्या पाहण्या केल्या. त्यांचे निष्कर्ष चुकीचे होते असे म्हणण्याला आधार नाही. तरी ज्याच्या घरची पंगत, त्यानेच वाढपी आणि त्यानेच चवीचा परीक्षक नेमावा, तसा हा प्रकार. असा निष्कर्ष खरा असला तरी त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

हा पेच एकट्या भारताचा नाही. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९६४ मध्ये थॉमस मँकुसो यांना आपल्या कारखान्यांतील कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास सोपवला. वर्षानुवर्षे पैसा पुरवला. १९७७ मध्ये मँकुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅनफर्डच्या कामगारांत कर्करोगाचा धोका अपेक्षेपेक्षा अधिक दिसतो, असे प्रसिद्ध केले. तोवर सरकारने काम त्यांच्या हातून काढून घेतलेले होते. त्यांचे गणित बरोबर होते की नाही, यावर शास्त्रज्ञांचे खरेखुरे मतभेद झाले. पण १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर जी सुनावणी झाली, तीत गणिताइतकाच निधी कोणाच्या हाती हा प्रश्न गाजला. अखेर १९९० मध्ये तेथील ऊर्जा खात्याने हे अभ्यास आरोग्य खात्याकडे सोपवले. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांतील ३ लाखांहून अधिक अणुकामगारांच्या एकत्रित अभ्यासात किरणोत्सर्गाची मात्रा वाढते तसा कर्करोगाने मृत्यूचा धोकाही वाढतो, असे दिसून आले आणि त्याचे अद्ययावत निष्कर्ष २०२३ मध्ये आले. या अभ्यासात भारतीय कामगारांचा समावेश नाही.

खानोलकर या वादाच्या काळात निवृत्त होते. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले होते. पद्मभूषण त्यांना पन्नासच्या दशकातच मिळाला. १९६३ पासून दहा वर्षे ते वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होते. त्यांनी कुलगुरुपद सोडले त्याच १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. परळच्या एका इमारतीपुरती चालत आलेली मोजणी आता सगळ्या शहराला लागू झाली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या संशोधन केंद्राचा वारसा आज नवी मुंबईतील खारघरला आहे, आणि तेथील संशोधनाच्या इमारतीला खानोलकर शोधिका हे नाव आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या त्याच समितीने व्यवसायातून किरणोत्सर्ग झेलणाऱ्या कामगारांचा अलीकडे घेतलेला आढावा जगभरात असे सुमारे २ कोटी ४० लाख लोक असल्याचे सांगतो. त्यांपैकी निम्म्याहून अधिक खाणकामगार, विमानसेवक अशांसारखे नैसर्गिक किरणोत्सर्ग झेलणारे आहेत. आंतरराष्ट्रीय मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ५० मिलिसीव्हर्ट एवढी आहे. भारतात एका वर्षाची कमाल ३० आहे. आखातात काम करणारा माणूस आपली मात्रा एका देशात झेलतो आणि पुढचे आयुष्य बहुधा दुसऱ्या देशात काढतो. पाच वर्षे अबुधाबीत, मग आठ वर्षे कॅनडात आणि निवृत्ती नाशिकला, असा प्रवास आज अनेकांचा असतो. भारतात अशा कामगारांची राष्ट्रीय मात्रानोंद भाभा अणुसंशोधन केंद्रात ठेवली जाते. पण अबुधाबीतला आकडा, कॅनडातला आकडा आणि नाशिकच्या रुग्णालयातील निदानाचा कागद एकत्र आणून ओळीने लावायचे काम कोणत्याही एका सरकारच्या अंदाजपत्रकात बसत नाही. १,००० रुग्ण ओळीने मांडणाऱ्या खानोलकरांच्या काळी रुग्ण निदान एका छताखाली तरी येत.

अमिराती ज्या समितीत आता बसते, तिची अधिवेशने व्हिएन्नात भरतात. भारताचे प्रतिनिधीही तेथे असतात. खानोलकर ज्या जागी बसले होते, ती जागा भारताने १९५६ पासून सोडलेली नाही.